गाडी रात्री ठेवून जा

डिसेंबर उजाडला की केडगावात पुणे रस्त्याच्या कडेच्या माझ्या गॅरेजात एक तक्रार रोज ऐकू येते. ‘सकाळी पहिल्यांदा चालू केली की मिसिंग करते, सगळी गाडी थरथरते, रेस दिली तर अडखळते. दोन मिनिटांनी आपोआप बरी होते.’ सांगणारा येतो दहा-अकराच्या सुमाराला. तोवर पोरांना शाळेत सोडलेलं असतं, नेप्तीच्या कांदा मार्केटला चक्कर झालेली असते, मग वाटेत माझ्याकडे. मी बॉनेट उघडतो तर इंजिन तापलेलं, रेडिएटरचा पंखा फिरतोय आणि स्लोवर गाडी एकसुरात चाललेली. दोष सकाळी सहाला होता. अकरा वाजता त्याचा मागमूस नसतो. म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे: आज गाडी घेऊन जा, आणि एखाद्या संध्याकाळी आणून रात्रभर माझ्याकडे ठेवा.

हे उत्तर बऱ्याच जणांना रुचत नाही. गाडी रात्री परक्याच्या दारात ठेवायची म्हटलं की माणूस बिचकतो. ‘तुम्ही आधी प्लग तर बदलून बघा’, असा आग्रह होतो. प्लग बदलायला मला पंधरा मिनिटं लागतात आणि पैसेही लगेच मिळतात. पण गार इंजिनाचा दोष गार इंजिनातच सापडतो, हे इतक्या वर्षांच्या कामात मला पक्कं कळलंय. गरम इंजिनासमोर उभं राहून केलेला प्रत्येक बदल हा अंदाज असतो, आणि त्या अंदाजाची किंमत गिऱ्हाईक मोजतं.

सकाळच्या पहिल्या मिनिटात इंजिनात काय चाललेलं असतं ते आधी सांगतो. पेट्रोल पातळ रूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. नगरकडे थंडीत पारा दहा अंशांखाली उतरतो. अशा गारठ्यात पेट्रोलचा हलका भाग तेवढा वाफ होतो, उरलेला मॅनिफोल्डच्या भिंतींना चिकटून बसतो. म्हणून चोक ओढून जास्तीचं पेट्रोल द्यावं लागतं. त्याच वेळी ऑइल घट्ट झालेलं असतं, त्यामुळे इंजिन जड फिरतं. गारठ्यानं बॅटरीची ताकद उतरलेली असते, आणि आहे तीही सेल्फ ओढून घेतो. कॉइलला व्होल्टेज कमी मिळतं, ठिणगी बारीक पडते. म्हणजे जेव्हा ठिणगी जोरदार हवी, नेमकी तेव्हाच ती सगळ्यात अशक्त असते. एरवी कुणाच्या लक्षातही न येणारा छोटासा दोष या एका मिनिटात उघडा पडतो. इंजिन तापलं की सगळ्याच गोष्टी सोप्या होतात आणि दोष झाकला जातो. तो गेलेला नसतो.

मोठ्या प्रयोगशाळाही हेच करतात. पुण्याच्या एआरएआयमध्ये धुराच्या प्रमाणपत्रासाठी नव्या मॉडेलची चाचणी होते, तेव्हा गाडी आधी निदान सहा तास वीस ते तीस अंशांच्या खोलीत बंद ठेवतात. इंजिन, ऑइल, पाणी असं सगळं खोलीइतकं गार झालं की मगच पहिला सेल्फ मारतात. कोट्यवधींची यंत्रं हाताशी असलेल्या माणसांनाही गाडी गार व्हायची वाट पाहावी लागते, तर माझ्यासारख्याचं काय!

जुनी छोटी गाडी म्हणजे आमच्याकडे मुख्यतः मारुती ८००. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. २००० सालच्या आसपासपर्यंत कार्बोरेटरवर चाललं, पुढे एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारी पद्धत, आली. नगर तालुक्यात शिक्षकांनी, डॉक्टरांनी, बागायतदारांनी या गाड्या घेतल्या आणि त्यातल्या कितीतरी एमएच-१६च्या पाट्या लावून, पंधरा वर्षांनंतरचं फेरपासिंग करून, आजही गावोगाव धावताहेत. तीन सिलिंडरची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. चारातलं एक मेलं तर गाडी कशीबशी चालते, तीनातलं एक मेलं तर ताकदीचा तिसरा हिस्सा गेला. स्टिअरिंग, सीट, आरसे सगळंच हलायला लागतं. मालक घाबरून येतो तो त्यामुळे.

गेल्या काही वर्षांतली एक केस सविस्तर सांगतो, कारण तिच्यात हा सगळा विषय आला.

तालुक्यातल्या एका गावचे निवृत्त गुरुजी त्यांची १९९७ची कार्बोरेटरवाली ८०० घेऊन आले. गुरुजींच्या हातात वही होती. गाडीवर झालेला प्रत्येक खर्च तारखेसह नीट लिहिलेला. दोन हिवाळे मिसिंगची तक्रार होती. वहीत प्लग होते, प्लगच्या वायरी होत्या, डिस्ट्रिब्युटरचं झाकण आणि रोटर होता, कॉइल होती, कार्बोरेटरचं किट होतं. आणि दर वेळी शेजारी त्यांच्या सुबक अक्षरात शेरा होता, ‘फरक नाही’. शेवटी कुणीतरी सांगितलं होतं की हे हल्लीच्या पेट्रोलमुळे होतं, याला इलाज नाही.

मी म्हटलं, ‘गुरुजी, आज रात्री गाडी राहू द्या. सकाळी तुम्हीही या. पण मी सांगेपर्यंत किल्ली फिरवायची नाही.’

गुरुजींनी विचारलं, ‘रात्रीत काय सापडणार आहे?’

‘रात्रीत दोष तयार होतो. सकाळी सापडतो.’

ते तयार झाले. संध्याकाळी इंजिन कोमट असताना मी कूलंटच्या बाटलीवर पेनानं पातळीची खूण केली. गाडी शेडबाहेर, उघड्यावर लावली. सकाळी सहाला बॉनेटवर दव साचलं होतं आणि इंजिनाला हात लावला तर दगड गार. कूलंटची पातळी खुणेच्या थोडी खाली गेली होती. गार झाल्यावर पातळी थोडी उतरतेच, त्यामुळे तेवढ्यावरून काही ठरत नाही. पण खाली फरशी कोरडी होती, आणि ‘पाणी अधूनमधून घालावं लागतं, गळत मात्र कुठं नाही’ हे गुरुजी आदल्या दिवशी सहज बोलून गेले होते. ते वाक्य माझ्या डोक्यात होतं.

किल्ली फिरवायच्या आधी तिन्ही प्लग काढले. हा क्रम महत्त्वाचा आहे. एकदा सेल्फ मारला की तिन्ही प्लगवर पेट्रोल बसतं आणि रात्रीचा पुरावा धुऊन जातो. एक नंबरचा प्लग कोरडा, टोकाला विटकरी रंग. दोन नंबरचाही तसाच. तीन नंबरचा प्लग ओला होता. त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक थेंब उभे होते आणि टोकाचं काजळ धुऊन गेल्यासारखं स्वच्छ झालं होतं. वास घेतला तर पेट्रोलचा नव्हता. जुने मिस्त्री अशा वेळी थेंब जिभेला लावून बघायचे, गोड लागला तर कूलंट. माझ्या गॅरेजात पोरांना मी ते करू देत नाही. कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं. ते गोड असतं म्हणूनच जास्त घातक.

मग कॉइलची मुख्य वायर काढून ठेवली, प्लगच्या भोकांवर धुतलेलं पांढरं फडकं अंथरलं आणि पोराला सेल्फ मारायला सांगितला. एक आणि दोनमधून नुसती हवा आली. तीनमधून फस्‌कन बारीक फवारा उडाला आणि फडक्यावर फिकट हिरवा डाग पडला. गुरुजी वाकून बघत होते. म्हणाले, ‘हे तर पाणी.’ दोन हिवाळ्यांच्या खर्चाचं उत्तर त्या डागात होतं.

ते कसं घडत होतं? इंजिन तापलेलं असताना रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं. झाकणाची स्प्रिंगच तो दाब धरून ठेवते. गाडी बंद केल्यावरही तो दाब लगेच उतरत नाही, बराच वेळ टिकतो. गाडी चालू असताना सिलिंडरमधल्या स्फोटाचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे पाणी फारसं आत शिरत नाही. गाडी बंद झाली की पारडं फिरतं. सिलिंडरमध्ये दाब उरत नाही, पाण्यात उरतो. हेडचं पॅकिंग तीन नंबरच्या कडेला केसभर खाल्लेलं असेल तर त्या फटीतून पाणी झिरपतं आणि थेंबाथेंबानं पिस्टनवर साचतं. सकाळी सेल्फ मारला की तेच पाणी प्लगवर उडतं. ओल्या चिनीमातीवरून करंट सरळ बॉडीत उतरतो, टोकांमधली फट ओलांडून उडी मारायची त्याला गरजच राहत नाही. ते सिलिंडर मेलेलंच राहतं. मिनिट-दोन मिनिटांत पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं, हेड तापून फुगतं, फट दबते आणि गाडी ‘आपोआप बरी’ होते. या एका कारणात गुरुजींच्या वहीतल्या सगळ्या ‘फरक नाही’चा हिशेब लागला.

पांढरा धूर कुणाला कसा दिसला नाही, असं वाटेल. थंडीच्या सकाळी प्रत्येकच गाडीच्या सायलेन्सरमधून वाफ निघते, म्हणून लक्ष जात नाही. ओळखायची खूण अशी की साधी वाफ वीत-दोन वीत जाऊन विरते. कूलंटची वाफ हवेत रेंगाळते आणि तिला गोडसर वास असतो. गुरुजींच्या गाडीत कूलंट नावालाच होतं, बाकी बोअरचं पाणी. म्हणून वासही जेमतेम होता.

मूळ कारण तेच बोअरचं पाणी. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू, मध्ये पॅकिंग आणि त्यात क्षारांचं पाणी. क्षार साचून पाण्याच्या वाटा अरुंद होतात, ॲल्युमिनियम कडेनं खाल्लं जातं, इंजिन जास्त तापतं आणि हेड वाकतं. हेड उतरवून लेथवाल्याकडे नेलं. त्यानं सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून खालून फिलर गेज घातलं. या हेडला मिलिमीटरच्या विसाव्या भागापेक्षा जास्त बाक चालत नाही. तीन नंबरच्या बाजूला बाक त्याहून जास्त निघाला. हलकं फेसिंग केलं, नवं पॅकिंग बसवलं, बोल्ट मधून बाहेरच्या क्रमानं, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानं आवळले. पाण्याच्या वाटा साफ केल्या आणि डिस्टिल्ड पाण्यात कूलंट मिसळून भरलं. आमच्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं लोक विचारतात. गंज थांबवायला आणि पाणी उकळायचं तापमान वर न्यायला ते लागतं. गोठण्याचा प्रश्न आपल्याकडे नाहीच.

गुरुजींनी वहीत नोंद केली आणि विचारलं, ‘म्हणजे आधीचे सगळे पैसे वाया गेले?’ मी सांगितलं, प्लग आणि वायरी पुढे उपयोगी पडतील, कॉइल मात्र चांगली होती. आधीच्या मेकॅनिकांना मी दोष दिला नाही आणि आजही देत नाही. त्यांच्या दारात गाडी प्रत्येक वेळी गरमच आली होती. हा दोष तसाच राहिला असता तर पाणी ऑइलमध्ये उतरून बेअरिंगं गेली असती. आणि एखाद्या रात्री जास्त पाणी साचलं असतं तर पिस्टन त्यावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकला असता, कारण पाणी दाबलं जात नाही.

दुसरी केस एका ओम्नीची. त्यातही ७९६ सीसीचं तेच इंजिन, पण गॅसवर चालणारं. एक ताई शाळेच्या मुलांची ने-आण करतात. त्यांनी स्पष्टच सांगितलं, ‘दादा, गाडी रात्री ठेवायला जमणार नाही. पहाटे सहाला पहिलं पोरगं दारात उभं असतं.’ मग मीच पहाटे साडेपाचला पान्यांची पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेलो. इंजिन चालू करून एकेका प्लगची वायर काढून पाहिली. दोन नंबरची काढली तरी थरथर तेवढीच. म्हणजे ते सिलिंडर मुळातच काम करत नव्हतं. ठिणगी ठणठणीत होती, प्लग कोरडा होता. कॉम्प्रेशन गेज लावलं तर दोन नंबरला दाब बराच कमी. चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा पाहिलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलनं दाब वाढला असता. तो वाढला नाही. म्हणजे गळती वरून, व्हॉल्व्हमधून. टॅपेटचं कव्हर उघडलं तर दोन नंबरच्या एक्झॉस्टच्या फटीत फिलर गेजचं सगळ्यात पातळ पानही शिरेना.

इथं एक गोष्ट आहे जी बऱ्याच जाणत्या माणसांनाही उलटी वाटते. तापल्यावर व्हॉल्व्ह लांब होतो, म्हणून फट कमी होत असेल, असा सर्वसाधारण समज असतो. सुझुकीच्या या जुन्या इंजिनांत घडतं नेमकं उलट. ॲल्युमिनियमचं हेड लोखंडी व्हॉल्व्हपेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे इंजिन गरम झालं की टॅपेटची फट वाढते. गार इंजिनात ती साधारण ०.१५ मिलिमीटर ठेवायची आणि गरम असेल तर ०.२५च्या आसपास. आता गॅसवर चालून एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि फट मिटत जाते. फट पुरती मिटली की गार इंजिनात व्हॉल्व्ह किंचित उघडाच राहतो आणि दाब निसटतो. हेड तापून फुगलं की फट पुन्हा मिळते, व्हॉल्व्ह बसतो, सिलिंडर जागं होतं. अशी गाडी दुपारी माझ्याकडे आली असती तर कॉम्प्रेशन चांगलं भरलं असतं आणि मी व्हॉल्व्हवर संशयही घेतला नसता.

त्या पहाटे तिन्ही सिलिंडरचे टॅपेट सेट केले. पहिलं पोरगं दारात यायच्या आत गाडी तयार होती. ताईंना दोन गोष्टी सांगितल्या: सकाळी गाडी पेट्रोलवर चालू करा, इंजिन कोमट झाल्यावर गॅसवर घ्या, आणि टॅपेट दर काही महिन्यांनी तपासून घ्या, कारण झिजणारी सीट झिजतच राहणार. दुसरी गोष्ट बहुतेक गॅसवाले पाळत नाहीत. मग व्हॉल्व्ह जळतो आणि हेडचं काम निघतं. त्या ताई पाळतात.

बाकीची कारणं लवकर सांगतो, ती सापडायला सोपी आहेत. प्लगच्या वायरींचं रबर जुनं झालं की त्याला डोळ्यांना न दिसणारे तडे जातात. पावसाळ्यात किंवा दव पडलेल्या सकाळी त्या तड्यांतून करंट पळतो. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू करा, वायरीच्या कडेनं निळसर ठिणग्या सरपटताना दिसतात. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला आतून तडा असेल तर काजळाची बारीक रेघ दिसते. मॅनिफोल्डला जाणाऱ्या रबरी नळ्या कडक होऊन चिरतात, जास्तीची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं. तापल्यावर रबर सैलावतं आणि चीर मिटते. एमपीएफआय गाडीत पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर खोटं बोलायला लागला तर कॉम्प्युटरला वाटतं इंजिन गरमच आहे, आणि तो सकाळचं जास्तीचं पेट्रोल देतच नाही. सुरुवातीच्या एमपीएफआय गाड्यांना आजचा साधा स्कॅनर लागू पडत नाही, तिथं मल्टिमीटरच लावावा लागतो. या सेन्सरचा रोध वीस अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास असतो आणि ऐंशी अंशांना तीनशेच्या आसपास येतो. नव्या गाडीत स्कॅनर लागत असेल तर पहाटे किल्ली नुसती ऑन करून दोन आकडे बघायचे: पाण्याचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर उभ्या गाडीत ते जवळजवळ सारखे असले पाहिजेत. नसतील तर दोघांपैकी एक सेन्सर चुकतोय. ही तपासणीही सकाळीच जमते. एकदा गाडी चालली की दोन्ही आकडे आपापल्या वाटेनं जातात.

आता पेट्रोलबद्दल. ‘हल्लीच्या पेट्रोलमुळे’ हे वाक्य मला आठवड्यातून कितीदा ऐकू येतं. आपला जिल्हा उसाचा. लोणीला प्रवरेचा सहकारी कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं उभा केला, तिथून राज्यातली सहकारी साखर कारखानदारी सुरू झाली. आज याच उसाच्या मळीतून आणि रसातून निघालेलं इथेनॉल आपल्या टाकीत येतं. २००१ साली पाच टक्के मिश्रणाचे पहिले प्रयोग झाले, त्यातले दोन आपल्या राज्यात, मिरज आणि मनमाडला. २०२२ मध्ये मिश्रण दहा टक्क्यांवर गेलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर यायला सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये ते देशभर पोचलं.

त्या तक्रारीत तथ्य आहे आणि ते नाकारणं बरोबर नाही. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणून गारठ्यात ते आणखी आळशी. शिवाय त्याला जळायला हवा कमी पुरते. निव्वळ पेट्रोलला वजनानं चौदा-पंधरा पट हवा लागते, इथेनॉलला नऊ पट. एमपीएफआयमध्ये ऑक्सिजन सेन्सर असेल तर कॉम्प्युटर बरंच सांभाळून घेतो. कार्बोरेटरचं जेट म्हणजे पितळेचं ठरावीक भोक. त्याला टाकीत काय आलं ते कळत नाही. मिश्रण पातळ पडतं आणि पातळ मिश्रण गार सिलिंडरमध्ये पेटत नाही. इथेनॉल पाणीही शोषतं. गाडी महिना-महिना उभी राहत असेल तर टाकीच्या तळाशी पाणी आणि इथेनॉल वेगळं साचू शकतं. जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंगं यांना ते मानवत नाही. म्हणून जुन्या गाडीत मी इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या टाकतो, फिल्टर लवकर बदलतो, चोक पूर्ण बंद होईपर्यंत त्याची केबल ओढली जाते की नाही ते पाहतो. ज्या सरकारनं आणि कंपन्यांनी हे पेट्रोल आणलं, त्यांनी पंधरा-वीस वर्षं जुन्या गाडीच्या मालकाला काय बदलायचं आणि त्याला किती खर्च येईल, हे पंपावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहायला हवं होतं. ते झालं नाही, आणि त्याची नाराजी आमच्यासारख्यांना ऐकावी लागते.

पण निदान करताना एक कसोटी विसरायची नाही. पेट्रोल तिन्ही सिलिंडरला एकच जातं. दोष पेट्रोलचा असेल तर तिन्ही सिलिंडर सारखीच कुरकुरतील, इंजिन सगळंच बसल्यासारखं चालेल. रोज सकाळी ठरावीक एकच सिलिंडर मरत असेल तर त्याचं कारण त्या सिलिंडरपाशी आहे: त्याचा प्लग, त्याची वायर, त्याचा व्हॉल्व्ह, त्याच्या बाजूचं पॅकिंग, एमपीएफआय असेल तर त्याचा इंजेक्टर. गुरुजींची गाडी तीन नंबरवर मरत होती, ताईंची ओम्नी दोन नंबरवर. गुरुजींना तर कारण ‘पेट्रोल’ सांगितलं गेलं होतं. एक नंबर, दोन नंबर की तीन नंबर, एवढा प्रश्न पहाटे कुणी विचारला असता तर तिथंच अर्धं काम झालं असतं.

आमच्या धंद्यातली एक अडचण मला मनापासून खुपते. वस्तू बदलली की गिऱ्हाईक पैसे देतं, कारण जुनी वस्तू त्याच्या हातात येते. शोधण्याचे पैसे द्यायला मात्र जड जातं. पहाटे पाचला उठून, गारठ्यात प्लग काढून, फडकं धरून बसलं आणि निघाला टॅपेट, तर ‘एवढ्याशा कामाचे एवढे?’ असं होतं. म्हणून मेकॅनिकही हळूहळू वस्तू बदलण्याकडे झुकतो. माझ्या हाताखालच्या पोरांना मी हेच सांगतो की पाना फिरवायला वर्षभरात येतो. कधी फिरवायचा नाही हे शिकायला जास्त काळ लागतो. नगर हे गाड्या जाणणारं शहर आहे. वाहननगरला सैन्याच्या वाहनांची संशोधन संस्था आहे, दौंड रस्त्याला कायनेटिकचा कारखाना आहे. १९७२ साली आलेली लुना बनवणारी ही कंपनी. माझ्या पिढीच्या कितीतरी मेकॅनिकांचा हात त्या लुनाच्या एका प्लगवर बसला. प्लग काढायचा, बघायचा, वास घ्यायचा आणि मग बोलायचं, ही सवय तिथली. तीन सिलिंडरच्या गाडीला तीन प्लग असतात, एवढाच फरक.

म्हणून ज्यांच्या गाडीला सकाळचं मिसिंग आहे त्यांना माझी विनंती. तुमचा मेकॅनिक कोणीही असो, गाडी त्याच्याकडे संध्याकाळी ठेवा आणि ‘सकाळी मी समोर असल्याशिवाय ती चालू करू नका’, असं त्याला सांगा. ठेवणं जमत नसेल तर सकाळी गार इंजिनात, चालू करायच्या आधी, रेडिएटरचं झाकण उघडून पाण्याची पातळी बघा आणि आठवडाभर रोज लिहून ठेवा. पहिल्या दोन मिनिटांचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, एक इंजिनाचा आणि एक सायलेन्सरच्या धुराचा. गाडी आदल्या दिवशी किती चालली, किती तास उभी होती, पाऊस किंवा दव होतं का, पेट्रोल कधी भरलं, गॅस किट आहे का, हे कागदावर लिहून आणा. आजवर काय-काय बदललं त्याची यादीही आणा. गुरुजींची वही नसती तर मीही कदाचित प्लगपासूनच सुरुवात केली असती. माझ्याकडे येणार असाल तर संध्याकाळी सातच्या आत गाडी लावा. सकाळी नऊपर्यंत दोष काय आहे ते मी सांगतो, आणि काम करायचं की नाही ते तुम्ही ठरवा.